विश्लेषण : माळ्यावर सापडलेले निनावी मँडोलिन कुठले? दुरुस्त करावे की भंगारात द्यावे?

चाळ पुनर्विकासाला जाते, आठवड्याभरात खोली रिकामी करायची असते आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंकेमागून जुन्या चादरीत गुंडाळलेले एक मँडोलिन निघते. आठपैकी तीनच तारा उरलेल्या, त्याही गंजलेल्या. शेंड्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आजोबांनी ते कुठून आणले, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नाही. काका म्हणतात, ‘इटालियन असणार, लाखात जाईल.’ शेजारी म्हणतात, ‘सांधे सुटलेत, भंगारात द्या.’ गिरगाव असो, पुणे असो की मडगाव, असा प्रसंग कोणत्याही जुन्या घरात येऊ शकतो.

बहुतेक वेळा या दोघांचाही अंदाज चुकतो. असे वाद्य सहसा फार मौल्यवान नसते आणि सहसा टाकाऊही नसते. मात्र सापडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उत्साहाच्या भरात केलेल्या दोन-तीन चुकांमुळे ते कायमचे निकामी होऊ शकते. निनावी मँडोलिनची ओळख कशी पटवायची, ते दुरुस्त होण्याजोगे आहे की नाही हे घरच्या घरी कसे तपासायचे आणि कोणत्या गोष्टी अजिबात करू नयेत, जाणून घेऊया.

मँडोलिन म्हणजे नेमके काय?

मँडोलिनला आठ तारा असतात. त्या दोन-दोनच्या चार जोड्यांमध्ये बसवलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात. खालून वर जी, डी, ए, ई असे हे स्वर असतात, म्हणजे व्हायोलिनचेच. फरक इतकाच की व्हायोलिनला पडदे नसतात आणि ते गजाने वाजवतात. मँडोलिनला धातूचे पक्के पडदे असतात आणि ते प्लेक्ट्रमने छेडले जाते.

हिंदी चित्रपटसंगीताच्या श्रोत्यांना हा आवाज परिचयाचा आहे. ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार सज्जाद हुसेन हे नावाजलेले मँडोलिनवादक होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्यापूर्वी वाद्यवृंदांत मँडोलिन वाजवत. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये नायकाच्या हातात मँडोलिनच आहे. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून या वाद्याला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले.

स्वस्त मँडोलिनवर बनवणाऱ्याचे नाव का नसते?

विसाव्या शतकातली स्वस्त मँडोलिन्स मोठ्या प्रमाणावर कारखान्यांत किंवा घरगुती उद्योगांत बनत आणि भलत्याच नावाने विकली जात. अमेरिकेतील शिकागो हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथे १८९२मध्ये सुरू झालेली हार्मनी कंपनी १९१६मध्ये सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या बड्या कंपनीने विकत घेतली. त्यानंतर हार्मनीत बनलेली वाद्ये सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये ‘सुपरटोन’ आणि पुढे ‘सिल्व्हरटोन’ या नावांनीही विकली गेली. ‘स्टेला’ हे नाव मुळात जर्सी सिटीतील ऑस्कर श्मिट कंपनीचे होते. १९३९मध्ये ते हार्मनीकडे आले. त्यामुळे ‘स्टेला’ असे लिहिलेली दोन वाद्ये दोन वेगवेगळ्या कारखान्यांतली असू शकतात.

जर्मनीत मार्कनॉयकिर्शेन आणि सीमेपलीकडे आजच्या चेक प्रजासत्ताकातील लुबी या गावांच्या परिसरात वेगळी पद्धत होती. घराघरांत कारागीर वाद्यांचे भाग बनवत, ते व्यापाऱ्याकडे एकत्र होत आणि व्यापारी मागणीप्रमाणे लेबल लावून जगभर पाठवी. इटलीत नेपल्स आणि कतानिया ही मोठी केंद्रे होती. जपानमध्ये नागोया येथील सुझुकीने व्हायोलिनबरोबर मँडोलिनही बनवले. भारतात कोलकात्यात गिटार आणि मँडोलिन बनवणारे कारखाने आहेत.

याचा अर्थ असा की शेंड्यावरचे किंवा आतल्या लेबलवरचे नाव अनेकदा विकणाऱ्याचे असते. बनवणाऱ्याचा माग काढायचा तर वाद्याची घडण पाहावी लागते.

पहिली खूण : पाठ कशी आहे?

वाद्य उलटे करून पाठ पाहावी. चार मुख्य प्रकार आढळतात.

गोल पाठ : लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेली, कलिंगडाच्या फोडीसारखी दिसणारी. ही नेपल्सची पद्धत आहे. मात्र या पद्धतीची मँडोलिन्स जर्मनी, जपान आणि अमेरिकेतही भरपूर बनली. त्यामुळे गोल पाठ दिसली की वाद्य इटालियनच, असे समजू नये.

सपाट पाठ : अमेरिकी आणि जर्मन स्वस्त वाद्यांत हा प्रकार नेहमी दिसतो. पोर्तुगालमधील ‘बांदोलिम’ही सपाट पाठीचे असते. गोव्यातल्या जुन्या घरात असे वाद्य सापडले तर ही शक्यता जरूर तपासावी.

कोरीव फुगीर पाठ : व्हायोलिनप्रमाणे जाड फळी कोरून केलेली. ऑर्व्हिल गिब्सन यांना १८९८मध्ये या धर्तीच्या मँडोलिनचे पेटंट मिळाले. कोरण्याला वेळ लागतो, त्यामुळे अशी वाद्ये महाग असत.

दाबून फुगवलेली पाठ : लांबून कोरीव वाटते, पण प्लायवूड किंवा पातळ फळी साच्यात दाबून केलेली असते. स्वस्त कारखानी वाद्यांची ही हमखास खूण आहे.

कोरीव आणि दाबलेल्या लाकडातला फरक कळण्यासाठी पुढच्या बाजूच्या भोकाची कड पाहावी. कडेवर लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सलग जात असतील तर फळी एकसंध आहे. बिस्किटाच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले तर ते प्लायवूड.

मोबाइलचा कॅमेरा इथे कसा उपयोगी पडतो?

वाद्याची जन्मखूण बहुतेक वेळा पोटात असते. खोलीत अंधार करावा, भोकातून छोटी एलईडी आत सोडावी आणि मोबाइलने वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढावेत. लेबल, शिक्का, पेन्सिलने लिहिलेला आकडा, असे काही दिसले तर फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून पाहावा. पुसट शाई अशा वेळी वाचता येते.

हार्मनीच्या अनेक वाद्यांच्या आत ‘एफ’ किंवा ‘एस’ हे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असा शाईचा शिक्का असतो. ‘एफ-६२’ असे दिसले तर वाद्य १९६२चे.

देशाचे नाव कसे लिहिले आहे, यावरूनही काळ कळतो. आयात मालावर मूळ देशाचे नाव लिहिणे अमेरिकेने १८९०च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने सक्तीचे केले. त्यामुळे निर्यातीच्या वाद्यांवर देशाचे नाव दिसू लागले. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का १९४७ ते १९५२ या काळातला. पूर्व किंवा पश्चिम जर्मनीचा उल्लेख असेल तर वाद्य १९४९ ते १९९० या दरम्यानचे. ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिले असेल तर १९१८नंतरचे आणि १९९२ संपेपर्यंतचे.

भारतीय दुकानाचे लेबल असेल तर पत्ता नीट वाचावा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. त्याआधी पत्त्यात ‘बॉम्बे २’ असा एक-दोन आकडी विभाग क्रमांक लिहीत. ‘बॉम्बे’ १९९५पर्यंत आणि ‘कलकत्ता’ २००१पर्यंत अधिकृत नावे होती. अर्थात जुनी लेबले संपेपर्यंत वापरली जात, म्हणून दोन-चार वर्षांचा फरक धरावा.

आणखी कोणत्या खुणा पाहाव्यात?

मोजपट्टीने तारा जिथून सुरू होतात त्या शेंड्याकडच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्याची दुप्पट म्हणजे तारेची वाजती लांबी. ती ३३ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर वाद्य नेपल्सच्या परंपरेतले असण्याची शक्यता जास्त. ३५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर घडण गिब्सनच्या अमेरिकी वळणाची.

स्क्रू पाहावेत. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३६मध्ये पेटंट झाला. असे स्क्रू मूळचेच असतील तर वाद्य त्यानंतरचे. पण खुंट्यांचा संच मध्येच कधीतरी बदललेला असू शकतो. खुंट्यांच्या आसपास जुन्या स्क्रूची बुजवलेली भोके दिसली तर त्या नंतर बसवलेल्या आहेत असे समजावे.

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. घडण, लेबल आणि सुटे भाग या तिन्ही गोष्टी एकाच काळाकडे आणि एकाच प्रदेशाकडे बोट दाखवत असतील तर ओळख पटली असे म्हणता येते. तसे झाले नाही तरी ‘शिकागो पद्धतीचे, सपाट पाठीचे, बहुधा १९३६नंतरचे’ इतकी नोंद दुरुस्तीसाठी पुरते.

लगेच नव्या तारा का चढवू नयेत?

सर्वात जास्त नुकसान इथेच होते. वाद्य सापडल्याच्या आनंदात बाजारातून तारांचा संच आणला जातो, पूर्ण स्वरात ताणला जातो आणि रात्रीतून तबली, म्हणजे पुढची फळी, खचते किंवा दांडी पुढे झुकते.

तारेतला ताण तिची लांबी, जाडी आणि स्वर यांवर ठरतो. ३५ सेंटिमीटर लांबीच्या मँडोलिनवर ०.०१० इंच जाडीची पोलादी तार वरच्या ई स्वरात लावली तर एका तारेत जवळपास पावणेनऊ किलो ताण येतो. आठही तारा धरल्या तर हलक्या संचाचा एकूण ताण ६० ते ७५ किलोपर्यंत जातो. म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन काही मिलिमीटर जाडीच्या फळीला आणि जुन्या सांध्यांना सतत खेचत असते. वर्षानुवर्षे ढिल्या पडलेल्या आणि कोकणातले पावसाळे सोसलेल्या सांध्यांना हा ताण झेपेलच, याची खात्री नसते.

गिटारच्या तारा बसवणे त्याहून धोक्याचे. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ए स्वराच्या ०.०१४ इंच तारेऐवजी हाताशी आहे म्हणून ०.०१७ इंचाची तार लावली तर ताण जवळपास दीडपट होतो. शिवाय गिटारच्या तारेला टोकाला मणी असतो. मँडोलिनच्या तारेला फास असतो आणि तो तळाच्या पत्र्यावरच्या आकड्यात अडकतो.

याच गणितात एक सोपा उपायही आहे. सर्व तारा एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन पडदे, उतरवून लावल्या तर ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. जुन्या वाद्यासाठी ही सवलत मोठी आहे. गोल पाठीच्या वाद्याला ई स्वरासाठी ०.००९ इंच किंवा त्याहून बारीक तारेचा हलका संचच घ्यावा.

दुरुस्त होण्याजोगे आहे, हे कसे ओळखावे?

पाच तपासण्या घरी करता येतात. त्यासाठी एक सरळ पोलादी पट्टी, दोन-तीन जुनी डेबिट कार्डे आणि कागदाचा तुकडा पुरतो.

१. दांडीचा कोन : पोलादी पट्टी पडद्यांवर दांडीच्या मधोमध ठेवून घोडीच्या दिशेने सरकवावी. घोडी म्हणजे तारांना तबलीपासून उचलून धरणारा लाकडी तुकडा. पट्टीचे टोक घोडीच्या वरच्या कडेजवळ पोहोचले तर उत्तम. ते बरेच खाली, तबलीला टेकत असेल तर दांडी तारांच्या ओढीने पुढे झुकली आहे.

२. तारांची उंची : जुन्या तारा असतील तर बाराव्या पडद्यावर पडदा आणि तार यांच्यातील अंतर पाहावे. डेबिट कार्डाची जाडी जगभर ०.७६ मिलिमीटर असते. दोन कार्डे जेमतेम जात असतील तर वाद्य वाजवायला सोपे. तीन कार्डांपर्यंत चालवून घेता येते. पाच कार्डे सहज जात असतील तर बोटे दुखतील, स्वरही चढेल आणि कारागिराचे काम निघेल.

३. तबली : पट्टी तबलीवर आडवी ठेवून घोडीच्या आसपास खड्डा आहे का, ते पाहावे. इथे एक काळजी घ्यावी. नेपल्स पद्धतीच्या गोल पाठीच्या मँडोलिनची तबली घोडीच्या मागे मुद्दाम वाकवलेली असते. ती घडी डावी-उजवीकडे सरळ रेषेत असते. तो दोष नव्हे. खड्डा मात्र एका बाजूला किंवा भोकाकडे खचलेला दिसतो.

४. सांधे : बोटाच्या पेराने सगळीकडे हलकेच ठोकून पाहावे. खुळखुळ किंवा फटफट आवाज आला तर आतली आधारपट्टी किंवा कडेचा सांधा सुटला आहे. अशा फटीत कागद किती आत जातो ते पाहावे आणि जागा पेन्सिलने वेगळ्या कागदावर नोंदवावी.

५. कीड : टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली तर वाद्य काळ्या कागदावर चार-पाच दिवस ठेवावे. कागदावर बारीक पीठ पडले तर कीड जिवंत आहे. असे वाद्य घरातल्या इतर लाकडी वस्तूंपासून लगेच दूर करावे.

सांधे सुटणे, पट्टी निघणे, रेषेच्या दिशेने पडलेली चीर, गंजलेल्या खुंट्या, हरवलेली घोडी हे सगळे दुरुस्त होते. दांडी थोडी झुकली असेल तर घोडीची उंची कमी करून अनेकदा काम भागते. दांडी मुळाशी तुटली असेल, प्लायवूडचे थर सुटून फुगले असतील किंवा किडीने आतून पोकळ केले असेल तर स्वस्त वाद्यासाठी तो खर्च सहसा परवडत नाही.

घरच्या घरी काय करता येते?

आधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. घोडी जागेवर असेल तर तिच्या चारही कोपऱ्यांशी कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून जागा नोंदवावी. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी राहते. तारा काढल्या की ती निसटते आणि मग तिची जागा शोधत बसावे लागते.

बाहेरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडावी. पोटातली धूळ काढण्याची कारागिरांची एक जुनी युक्ती आहे. भोकातून मूठभर कोरडे तांदूळ आत टाकायचे, वाद्य हलकेच फिरवायचे आणि तांदूळ ओतून काढायचे. धूळ आणि जाळी तांदळाबरोबर निघून येतात. मात्र आतले लेबल सुटायला आले असेल तर हा प्रयोग करू नये. बाहेर आलेला लाकडाचा प्रत्येक तुकडा पाकिटात जपून ठेवावा. तो कारागिराला लागतो.

खुंट्यांच्या दातेरी चाकांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडावा आणि जास्तीचे तेल लगेच टिपून घ्यावे. लाकडात तेल मुरले की पुढे तिथे गोंद धरत नाही.

पाचही तपासण्यांत वाद्य उत्तीर्ण झाले तरच हलका संच चढवावा. एक जोडी मधली, एक कडेची, असे करत ताण सगळीकडे सारखा वाढवावा. पहिला आठवडा स्वर दोन पडदे उतरलेलाच ठेवावा आणि रोज तबलीवर पट्टी ठेवून पाहावे. खड्डा वाढत असेल तर तारा लगेच सैल कराव्यात.

घोडीची जागा माहीत नसेल तरी ती काढता येते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून शेंड्याकडच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जितके अंतर, तितकेच पुढे मोजून घोडी ठेवावी. मग मोबाइलवरच्या ट्यूनर अॅपने मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तार तपासावी. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडी दांडीपासून किंचित दूर सरकवावी, उतरलेला येत असेल तर जवळ आणावी.

काय अजिबात करू नये?

पॉलिशपेपर मारू नये. जुने पॉलिश गेले की काळ ओळखण्याची एक खूण जाते आणि तबली पातळ होते.

सुटलेल्या सांध्यात सुपरग्लू किंवा सुतारकामातला पांढरा गोंद भरू नये. जुनी वाद्ये बहुतेक वेळा सरसाने, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेली असतात. ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, त्यामुळे सांधा उघडून पुन्हा नीट बसवता येतो. एकदा त्यात आधुनिक गोंद गेला की नवा सरस तिथे धरत नाही आणि कारागिराला लाकूड खरवडून काढावे लागते.

दांडी घट्ट करण्यासाठी बाहेरून स्क्रू मारू नये. ओल्या फडक्याने पुसू नये. ओलसर वाटते म्हणून उन्हात किंवा मे महिन्यात बंद मोटारीत ठेवू नये. उष्णतेने सरस मऊ पडतो आणि चांगले सांधेही सुटतात. आतले लेबल सोलून काढू नये.

भोकाजवळची तपकिरी-पिवळी नक्षीदार पट्टी कासवाच्या कवचाची आहे की सेल्युलॉइडची, हे पाहण्यासाठी ती पेटवून बघण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते. पट्टी बोटाने जोरात घासून वास घ्यावा. कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड.

कारागिराकडे जाताना काय विचारावे?

महाराष्ट्रात तंतुवाद्यांचे सर्वात मोठे केंद्र सांगली जिल्ह्यातील मिरज. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सरस, लाकूड आणि घोडी यांची तिथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे. पण सतारीचे पडदे सरकवता येतात, मँडोलिनचे दांडीत ठोकून बसवलेले असतात. त्यामुळे कारागीर कुठलाही असो, त्याने गिटार किंवा मँडोलिनचे पडदे आणि दांडी यांचे काम केले आहे का, हे आधी विचारावे.

त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत. सांधा कोणत्या गोंदाने जोडणार? चिरेच्या आतून लाकडी ठिगळ लावणार की वरून नुसते भरणार? मूळ पॉलिश तसेच ठेवणार का? ‘सरस, आतून ठिगळ, पॉलिशला हात नाही’ अशी उत्तरे मिळाली तर वाद्य योग्य हातात आहे. खर्च कामागणिक लिहून घ्यावा आणि क्रम ठरवून घ्यावा : आधी सांधे आणि आधारपट्ट्या, मग दांडी आणि पडदे, शेवटी घोडी आणि तारा. पहिल्या टप्प्यातच खर्च हाताबाहेर जातोय असे दिसले तर तिथे थांबता येते.

मग त्याची किंमत किती?

निनावी कारखानी मँडोलिन विकून मोठी रक्कम मिळण्याची शक्यता कमी असते. शिकण्यासाठीचे नवे मँडोलिन आज काही हजार रुपयांत मिळते. त्यामुळे चार ठिकाणी दुरुस्ती लागणाऱ्या जुन्या वाद्यावरचा खर्च अनेकदा नव्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. फायद्यासाठी दुरुस्त करायचे असेल तर हिशेब जुळत नाही. घरातल्या माणसाने वाजवलेले वाद्य पुन्हा वाजावे म्हणून करायचे असेल तर खर्चाची मर्यादा कुटुंबाने आधी ठरवावी.

विक्रीचा विचार असेल तर कायदाही लक्षात ठेवावा. समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाद्यावर खऱ्या कासवाच्या कवचाची किंवा हस्तिदंताची सजावट असल्याची शंका असेल तर ते विकण्यापूर्वी किंवा परदेशी नेण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी.

आठवड्याभरात निर्णय होत नसेल तर?

खोली रिकामी करण्याच्या घाईत दुरुस्तीचा निर्णय घेण्याची गरज नाही. उरलेल्या तारा हळूहळू पूर्ण सैल कराव्यात. घोडी, सुटे तुकडे आणि जुन्या तारा एका पाकिटात घालून वाद्यासोबत ठेवाव्यात. वाद्य सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह, भिंतीला न टेकता कोरड्या कपाटात ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, पावसाळ्यात आत दमटपणा अडकतो.

सोबत एक कागद जरूर ठेवावा. वाद्य कोणाचे, कोणत्या घरात, कोणत्या तारखेला सापडले, आत काय लिहिलेले दिसले, बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर किती भरले, हे त्यावर लिहावे. घरातल्या सर्वात ज्येष्ठ नातेवाइकाला फोटो पाठवून आजोबा कधी, कुठे वाजवत, तेही विचारून घ्यावे. लेबल नसलेल्या मँडोलिनबाबत शिकागो की नेपल्स हे नंतर कोणी जाणकार सांगू शकेल. ते घरात कसे आले, हे मात्र घरच्या माणसांनाच ठाऊक असते आणि ती माहिती आज लिहून ठेवली नाही तर पुढच्या पिढीला मिळणार नाही.